रबराचा तळ

कस्टमच्या माणसाने चप्पल उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला, मग ती नाकाशी नेली. वास घ्यायची काही गरज नव्हती. खोकं उघडलं तेव्हाच तो वास गोदामभर पसरला होता आणि प्रतापपर्यंत पोचला होता.

"हे कातडं आहे," कस्टमचा माणूस म्हणाला. तरुण होता, आवाजात राग नव्हता. "कागदांवर लिहिलंय, पट्टा सुती आणि तळ रबरी."

"हो."

"इथे पट्टाही कातड्याचा आहे आणि तळही."

"हो," प्रताप पुन्हा म्हणाला.

"दुसरं खोकं उघडू या."

दुसऱ्यात तेच निघालं. तिसऱ्यातही. योशिओका-सान, म्हणजे प्रतापच्या कंपनीचा माल कस्टममधून सोडवून देणारा एजंट, हातातल्या पेनची उघडझाप करत शेजारी उभा होता. तपासणी संपल्यावर तो कमरेत वाकला आणि त्याने माफी मागितली. त्याच्याबरोबर प्रतापही वाकला. वाकलेला असतानाच त्याची नजर खोक्यात गेली. गावाकडे दादाने, त्याच्या थोरल्या भावाने, एकेक जोडी तळाला तळ लावून, कातड्याच्या वादीने बांधून रचली होती. वेणी बारीक, टाके सरळ, बाजूचे कान पातळ. लोक लग्नात घालायला राखून ठेवतात तसली चप्पल. इतका चांगला माल दादाच्या हातून कित्येक वर्षांत झाला नसेल.

प्रताप मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या तोक्यो ऑफिसात होता. ऑफिस कोतो वॉर्डात, दोन खोल्यांचं. तीळ, काजू, गवारगम असला माल तो जपानी कंपन्यांना विकायचा. राहायला निशी-कसाईत. तो आला तेव्हा तिथे एखादा भारतीय दिसला की दुसरा लगेच रस्ता ओलांडून त्याला भेटायला यायचा. आता संध्याकाळी तोझाई लाइनची गाडी आली की पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा लावलेली पोरं थव्याने उतरायची आणि कोणी कोणाकडे बघायचंही नाही. पण प्रताप आयटीतला नव्हता. कोल्हापूरकडच्या एका गावातल्या, चपला करणाऱ्यांच्या आळीतून शिकून बाहेर पडलेला तो पहिला मुलगा. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, गुरुनाथने, शाळा सोडून आरी हातात घेतली, म्हणून प्रतापला कॉलेज बघायला मिळालं.

जपानला चपला पाठवायची कल्पना ज्योत्स्नाची, त्याच्या बायकोची. उन्हाळ्यात ती आपली कोल्हापुरी घालून बागेत फिरायला जायची आणि जपानी बायका थांबून तिच्या पायांकडे बघायच्या. त्यांतल्या एका बाईंची, निशिमुरा-सानची, कपड्यांची आणि परदेशी वस्तूंची चार-पाच दुकानं होती. ज्योत्स्नाने त्यांना घरी चहाला बोलावलं. मोडक्यातोडक्या जपानीत दोघींचं जमलं. कातड्याच्या चपलेवर इथे फार मोठा कर आहे, हे निशिमुरा-साननीच सांगितलं, तेव्हा ज्योत्स्ना दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कातडं नकोच. वेणी जाड सुताची घालू, तळ रबराचा लावू. दिसायला तीच." त्या वर्षी गावी गेली तेव्हा दादाच्या समोर पाट टाकून बसली आणि नमुन्याची जोडी करून घेऊनच उठली.

नमुना पसंत पडला. ऑर्डर यायला मात्र वेळ लागला, आणि ती आली तेव्हा ज्योत्स्नाला वारून दोन महिने झाले होते.

गोदामाच्या बाहेर शीतपेयांचं मशीन होतं. योशिओका-सानने दोन कॉफीचे डबे काढले, एक प्रतापच्या हातात दिला. मग गाडीतून कस्टमच्या करांचं जाडजूड दरपत्रक आणून बोनेटवर उघडलं.

"ही ओळ वाचा," तो म्हणाला.

चामडी तळ, पावलावरून जाणारे आणि अंगठ्याभोवतीचे चामडी पट्टे असलेलं पादत्राण. जगभरच्या दरपत्रकांत या वर्णनाची एक स्वतंत्र ओळ आहे, असं योशिओका म्हणाला. प्रतापने ती दोनदा वाचली. दादाच्या चपलेचं इतकं नेमकं वर्णन त्याने आजवर कुठेही वाचलं नव्हतं.

"म्हणजे यांना ही चप्पल माहीत आहे."

"चांगलीच माहीत आहे. म्हणून तर तिच्यासाठी जागा केलेली आहे." योशिओका स्वतःच्या बोलण्यावर ओशाळून हसला. "प्रताप-सान, दर सहा महिन्यांना ठरावीक जोड्या कमी करात आत येतात. ते वाटप, जे पूर्वीपासून आणतात त्यांना मिळतं. बाहेरच्याला पूर्ण कर. एका जोडीला चार हजार येनहून जास्त."

"निशिमुरा-सान ती जोडी त्याहून कमीत विकणार होत्या."

"मला माहीत आहे."

"मग?"

"कोटा असलेला कोणी तयार झाला तर बघा. नाहीतर माल परत पाठवायचा, नाहीतर कस्टमच्या देखत नष्ट करायचा." त्याने पुस्तक मिटलं. "त्या माणसाने चूक म्हणून लिहून घेतलं, लबाडी म्हणून लिहिलं नाही. तेवढं नशीब समजा."

संध्याकाळी प्रतापने किराणा दुकानातून फोनचं कार्ड घेतलं आणि गावी फोन लावला. दादाने पहिल्याच घंटीला उचलला. वाट बघतच बसला असावा.

"पोचलं का रं सामान?"

"पोचलं."

"मग? काय म्हनली ती बाई?"

"दादा, मी तुमाला रबर सांगितलं हुतं."

"व्हय, सांगितलं हुतंस की."

"मग चामडं का घातलं?"

दादा हसला. गुपित उघडकीला आल्यावर माणूस हसतो तसा. "आरं, त्याच भावात घातलंय, तुला जादा मागतुय का? आपल्या आळीचा माल पैल्यांदा बोटीत बसनार, आन् त्याला टायर लावून धाडू? लोकं काय म्हनतील? मागितलं त्याच्यापरास चांगलं दिलं. त्यात काय चुकलं?"



"नमुना तर रबराचा केला हुता तुमी."

"नमुन्याचं सोड. ती ज्योत्स्ना म्होरं बसलीती. तिच्या म्होरं कुनाचं काय चालायचं?"

मग प्रतापने सगळं सांगितलं. कर, कोटा, गोदाम. सांगताना त्याच्या लक्षात येत होतं की आपण ऑफिसात बोलतो तसं बोलतोय आणि ते पलीकडे पोचत नाहीये. दादा मध्येच "बरं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी आपलं चामडं चांगलं न्हाई म्हनत्यात?"

"तसं न्हाई दादा. चांगलं हाय म्हनूनच आत घेत न्हाईत. त्यांच्यातबी बूट करनारी मानसं हायेत, ती घरी बसतील की."

 दादा एकदम म्हणाला, "मग मी येतो."

"कुठं?"

"तिकडं. रापी, आरी घिऊन येतो. संगं दोघं आनतो. तळ उसवतो, रबर लावतो, पट्टं बी सुताचं घालतो. त्या गुदामातच बसतो, बाहीर बी येत न्हाई. महिन्याभरात समदं हुतंय."

प्रतापने शेजारच्या अंबरीषला विचारलं. अंबरीष पुण्याचा, बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याची बायको आठवड्यातून दोनदा प्रतापसाठी डबा पाठवायची. डबा ओट्यावर ठेवून तो ऐकत उभा राहिला.

"काका, खरं सांगू? मला व्हिसा मिळाला तेव्हा मी काहीच केलं नव्हतं. कंपनीने पेपर टाकले, आला. दादांना कुठल्या कॅटेगरीत दाखवणार? कुक म्हणून येतात आपले लोक. चपला करणाऱ्यांची कॅटेगरीच नसणार."

"पंधरा दिवसांसाठीसुद्धा?"

"फिरायला येतील. हातात हत्यार धरलं की काम झालं ना ते." तो जरा थांबला. "आणि मी बघा. इथे बसून कोड लिहितो, तो बंगलोरला जातो, तिथून टेस्ट होऊन परत इथे येतो. कुणी उलटासुलटा करून बघत नाही."

"तुझ्या मालाला तळ नसतो बाबा," प्रताप म्हणाला.

अंबरीष हसला. मग त्याला वाटलं, हसायला नको होतं. "पोळ्या गरम आहेत, खाऊन घ्या," असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी योशिओकालाही विचारून झालं. गोदामात माल उघडून बघता येतो, निवडता येतो, पुन्हा बांधता येतो, तो म्हणाला. तिथे बसून काही बनवता येत नाही. त्यासाठी वेगळं ठिकाण लागतं, वेगळी परवानगी लागते, आणि ज्यांना ती मिळते त्यांच्याकडे मोठाली यंत्रं असतात.

मग एक नाव त्यानेच दिलं. असाकुसाच्या मागच्या बाजूला बूट करणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथे होरिगुची-सान म्हणून एक कारखानदार आहेत. त्यांच्याकडे कोटा आहे. विचारून बघायला काही लागत नाही.

गोदामातली चप्पल बाहेर काढता येत नव्हती. प्रतापने घरी येऊन ज्योत्स्नाचं कपाट उघडलं आणि तिची वापरलेली जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली.

होरिगुची-सानचा कारखाना म्हणजे घराचा तळमजला. भिंतीला लाकडी पावलांचे साचे टांगलेले, गोंदाचा उग्र वास, आणि पाच-सहा मशीनांपैकी दोनच चालू. म्हातारा सत्तरीचा असेल. त्याने पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं, आणि चप्पल दिव्याखाली धरली. बराच वेळ बघत राहिला.

"कातडं कशात कमावतात?"

"बाभळीच्या सालीत. आणि हिरड्यात." हिरड्याला जपानीत काय म्हणतात ते प्रतापला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "एक फळ असतं."

"शिवायचा दोरा?"

"दोरा नाही. कातड्याचीच वादी."

"वेणी बायका घालत असतील."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडेही वरची शिलाई बायकाच करायच्या. घरी नेऊन. मुलं झोपवून." त्याने चप्पल उलटी केली. "ह्या बाई टाचेवर जोर देऊन चालतात."

"हो," प्रताप म्हणाला. चालायच्या, असं त्याने सांगितलं नाही.

मालाचं बोलणं होरिगुची-साननेच काढलं. योशिओकाचा फोन येऊन गेला होता. "कोटा आहे माझ्याकडे. इटलीचे बूट आणतो मी. त्यांच्यावर हा कारखाना चालतो. म्हणजे बाहेरचे बूट विकून मी इथले बूट करतो. विचित्र वाटतं ना? ह्या सहामाहीचा कोटा संपला."

"पुढच्या सहामाहीत? मी गोदामाचं भाडं भरतो तोवर."

म्हाताऱ्याने चप्पल टेबलावर ठेवली. "खोटं बोलत नाही तुमच्याशी. पुढच्या सहामाहीत जमलं असतं. कदाचित. पण मी नाही म्हणेन."

प्रताप टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घालू लागला.

"या गल्लीत मी पोरगा होतो तेव्हा सकाळी हातोड्यांच्या आवाजाने जाग यायची. आता आम्ही किती उरलो ते बाहेर जाऊन बघा. मंत्रालयातली माणसं येतात, हुशार असतात, तक्ते दाखवतात. म्हणतात, दारं उघडायला हवीत, दुसरे देश आपल्या गाड्या घेतात तर आपणही त्यांचं काही घेतलं पाहिजे. बरोबरच असेल. मी शाळेत फार शिकलो नाही. पण गाड्या करणारे वेगळे आणि दार उघडल्यावर ज्यांच्या घरात वारा शिरणार ते वेगळे. ही चप्पल," त्याने बोट न लावता तिच्याकडे हात केला, "दिवसाला जितक्या होतात तितक्याच होतात. हिची मला भीती नाही. पण हिच्यासाठी मी फट ठेवली, तर उद्या त्याच फटीतून यंत्रावरचा माल घेऊन दुसरा कोणी येईल, आणि संघटनेत मला विचारतील, पहिली फट कोणी ठेवली."

आतून त्याच्या सुनेने चहा आणून ठेवला. ती आत जाईपर्यंत तो थांबला, मग आवाज उतरवून म्हणाला, "मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा आम्ही दुकान आहे एवढंच सांगितलं. कसलं, ते नाही सांगितलं. तुमच्या देशात असं काही नसेल."

"मुंबईच्या ऑफिसात," प्रताप म्हणाला, "माझे वडील शेती करायचे असं मी सांगितलेलं आहे. अजून ते तसंच समजतात."

होरिगुची-सानने त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही हसू आलं, पण फार नाही. चहा संपेपर्यंत मग कोणी कामाचं बोललं नाही. निघताना म्हाताऱ्याने ज्योत्स्नाची जोडी वर्तमानपत्रात नव्हे, पांढऱ्या मऊ कागदात गुंडाळून दिली, आणि दारापर्यंत येऊन वाकला. प्रतापने ठरवलं होतं की याच्यावर राग धरायचा. स्टेशनपर्यंत चालत जाताना त्याने प्रयत्नही करून बघितला. जमलं नाही.

मुंबईहून नयनाचा फोन आला. ती हेड ऑफिसात जपानचं काम बघायची. वयाने लहान, पण हुद्द्याने वर.

"प्रताप सर, परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतोय. आणि हे चुकीच्या डिक्लरेशनचं जितकं लांबेल तितकं आपल्या तिळाच्या शिपमेंट्सवर येईल. सगळं उघडून बघायला लागतील ते. तिथेच डिस्ट्रॉय करून क्लोज करू या."

"परत पाठवायचा खर्च मी केला तर?"

"तुम्ही म्हणजे? स्वतः?" ती जरा थांबली. "सर, मला कळतंय. मॅडमची कल्पना होती ना ही. पण हा कंपनीचा माल आहे."

"माल माझ्या भावाने केलाय, नयना."

हे त्याने कंपनीत कोणाला कधी सांगितलं नव्हतं. 

"तुम्ही सप्लायर म्हणाला होतात," ती म्हणाली. मग हळूच, "ठीक आहे. तुम्ही खर्च करणार असाल तर मी वर बोलते. शुक्रवारपर्यंत सांगा."

निशिमुरा-सान स्वतः ऑफिसात येऊन गेल्या. मिठाईचा डबा आणला होता. झाली ती त्यांचीच चूक असावी अशा माफी मागून गेल्या. दुकानात लावायला ज्योत्स्नाच्या पायांचा एक फोटो त्यांनी मोठा करून घेतला होता, बागेतल्या गवतावरचा. तो आता वापरणार नाही, तुम्हाला हवा आहे का, असं त्यांनी विचारलं. प्रताप हो म्हणाला आणि फोटो टेबलाच्या खणात पालथा ठेवला.

गुरुवारी त्याने पुन्हा गावी फोन लावला.

"दादा, माल परत धाडतो. माझ्या खर्चानं. तिकडं कोल्हापुरात इकता येईल."

"नगं."

"का?"

"आळीत परत आनायचा न्हाई." दादाचा आवाज शांत होता. "टरक निघाला तवा गुलाल टाकलाय पोरांनी. चाकाखाली नारळ ठिवला. शेलारांचा थोरला मुंबईला वॉचमन म्हनून चाललाता, त्यो थांबला, म्हनला जपानचं काम हाय तर शिकतो. त्येच्या डोळ्यादेखत तीच खोकी परत आली, तर तिकडनं बी हाकलून लावलं म्हनतील. उद्यापास्नं आरीला कोन हात लावायचं न्हाई."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"इकलं म्हनून सांगतो."

"आनि पुढची ऑर्डर इचारली तर?"

"तवाचं तवा बघू." मग दादाने विचारलं, "तिकडं काय करत्यात मग त्येचं? कुनाला तर वाटून टाकत असतील."

प्रताप खोटं बोलणार होता. शब्द तोंडात आलेही होते, की हो दादा, गरिबांना वाटतात. पण इतक्या वर्षांत दादाशी तो एकदाच खोटं बोलला होता, फी भरल्याचं, आणि दादाला ते कळलं होतं.

"जाळत्यात," तो म्हणाला.

 

"समद्या?"

"समद्या."

"चामडं जळाय लागलं की वास लई वंगाळ सुटतो," दादा म्हणाला. "आजूबाजूच्या मानसास्नी आधी सांगून ठेव म्हनावं."

मग फोन कोणीतरी घेतला. वहिनी होत्या.

"भावजी, ह्यास्नी काय बोलू नगासा. माझीबी चूक हाय."

"तुमची कसली चूक, वहिनी?"

"तुमी फोन करून सांगायचा, आन् तुमचा फोन झाला की तासाभरानं ज्योत्स्नाचा मला यायचा. तुमी काय सांगितलं, ह्यास्नी काय कळलं, आन् खरं करायचं काय, ते ती मला समजावून सांगायची. मग मी ह्यांच्या मागं लागायची. औंदा तुमचा फोन झाला, आन्..." त्या थांबल्या. "मी बसले की हो वाट बघत. भाकरी थापता थापता एकदम ध्यानात आलं, की आता कोन करनार. तवा मीबी ह्यास्नी काय बोलले न्हाई. म्हनलं करूंदेत त्यांच्या मनाजोगतं."

प्रतापला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण भावाला कामं सांगतो आणि ती बिनचूक होतात, असंच तो समजत होता. आपला फोन ठेवल्यावर ती दुसऱ्या खोलीत जाऊन तासभर कोणाशी बोलते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. माहेरी बोलत असेल, असं वाटायचं.

"भावजी? हायसा न्हवं?"

"हाय, वहिनी."

"जेवत जावा येळच्या येळी."

कार्डावरचा वेळ संपत आल्याची सूचना एक बाई इंग्रजीतून देऊ लागली आणि दोघांनी घाईने फोन ठेवला.

माल इथेच नष्ट करू, असं शुक्रवारी त्याने नयनाला कळवलं. त्यानंतर कागदपत्रं झाली, आणि एका मंगळवारी सकाळी प्रताप आणि योशिओका समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवरच्या, कचरा जाळणाऱ्या एका खाजगी कारखान्यात गेले. जागा स्वच्छ होती, एखाद्या दवाखान्यासारखी. गोदामातला तोच तरुण कस्टमवाला कॅमेरा घेऊन आधीच आला होता. त्याने प्रतापला ओळखलं आणि मान लववली.

खोकी रोलरच्या पट्ट्याशेजारी रचलेली होती. तिथे काम करणारा माणूस पन्नाशीचा, प्रतापच्याच वयाचा असेल. डोक्यावर टोपी, हातात सुती मोजे. त्याने पहिलं खोकं कापून उघडलं, एक जोडी काढली, वादी सोडवली आणि विचारलं, "धातू किती आहे? खिळे, बक्कल, काय असेल ते आधी वेगळं काढावं लागेल."

"धातू नाही," प्रताप म्हणाला.

"टाचेत खिळे असतात."

"यात नसतात."

त्या माणसाचा विश्वास बसला नाही. बसायचं कारणही नव्हतं, त्याचं कामच ते होतं. त्याने चप्पल वाकवून बघितली, कडेने नख फिरवलं, हातातल्या, धातू शोधणाऱ्या यंत्राचा दांडा तिच्यावरून नेला. आवाज आला नाही. दुसरी घेतली. तिच्यातही काही वाजलं नाही. मग दुसऱ्या खोक्यातली, मग तळच्या खोक्यातली, मुद्दाम मधली एखादी. योशिओकाने घड्याळ बघितलं. कस्टमवाला कॅमेरा धरून थांबला होता. कोणी त्या माणसाला घाई केली नाही.

"खरंच नाही," तो शेवटी म्हणाला. प्रतापला नव्हे, स्वतःलाच. "सगळं जळणारं आहे."

"हो," प्रताप म्हणाला.

पट्टा सुरू करायचं बटण दाबायच्या आधी तो माणूस तपासलेल्या जोड्यांकडे वळला. तपासून झालेली प्रत्येक जोडी त्याने पट्ट्याच्या कडेला खाली ठेवली होती, आणि ठेवताना, पाय घालून लगेच बाहेर पडता यावं म्हणून जपानी घराच्या दारात ठेवतात तशी, डावीशेजारी उजवी, टाचा आत आणि अंगठे बाहेरच्या बाजूला. त्याच्या हातून ते आपोआप झालं असावं. एक ओळच तयार झाली होती. तो क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने उजव्या हातातला मोजा काढला, खाली वाकून एकेक जोडी उचलली आणि तशीच, अंगठे बाहेर करून, पट्ट्यावर ठेवू लागला.